आधी समाजमंदिराचं कुलूप काढा, मग वादविवाद घ्या

प्रति,
आमच्या कॉलनीचं महिला मंडळ अन् महिला दिनाच्या कार्यक्रमाची कमिटी, लातूर

काकू, ताई, वहिनी, अध्यक्ष साहेब, सगळ्यांना नमस्कार.

परवा ग्रुपवर तुमचं पोस्टर आलं. गुलाबी रंग, कोपऱ्यात जिजाऊ अन् सावित्रीबाई, मधोमध ठळक अक्षरात विषय, "नोकरी करणारी आई की घरी राहणारी आई? खरे कष्ट कुणाचे?" अ गट अन् ब गट, प्रत्येकीला तीन मिनिटं, जिंकणाऱ्यांना पैठणी, हरणाऱ्यांना स्टीलचे डबे. वेळ दुपारी तीन. परीक्षक तिघं अन् तिघंही पुरुष. (त्यातल्या एकांना सकाळी हातात चहा कोण देतं अन् आंघोळीला टॉवेल कोण देतं हे मला खिडकीतून दिसतं, पण ऱ्हाऊ द्या.)

मग कमिटीतल्या एका वहिनीचा फोन आला की तुमचं नाव ब गटात टाकलंय, नोकरीवाल्यांत. मी म्हणलं अहो दुपारी तीनला मी पतसंस्थेत काउंटरवर असते, तीनला कोणती नोकरीवाली मोकळी आहे? तर त्या म्हणल्या, "मग अ गटात टाकू का? तुम्ही आधी घरीच होतात की." एवढं बोलून वर हसल्या पण. मला राग आला, फोन ठेवला, भाजी करपली, अन् रात्री जेवणं झाल्यावर लक्षात आलं की वहिनी चुकून का होईना बरोबरच बोलल्या. मी दोन्हीकडची आहे. सात वर्षं घरी होते, आता सहा-सात वर्षं झाली नोकरी करायलेय. म्हणून हे पत्र. तीन मिनिटात बसणारं नाही.

२०१६ चा उन्हाळा लातूरच्या माणसाला सांगायला नको. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, १२ एप्रिलला पहिली गाडी, दहा डबे, पाच लाख लिटर, सगळे टीव्हीवाले स्टेशनवर. त्याच्या आधी मार्चमधे पाणी भरायच्या ठिकाणी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावलं होतं, पाणी भरायला जमाव करायचा नाही! तेव्हा माझा मोठा चार वर्षांचा अन् धाकटा एक वर्षाचा. टँकर यायची काही वेळ नव्हती, कधी सकाळी सातला, कधी भर बारा वाजता, ज्या घरात बाई घरी त्या घरात पाणी, साधा हिशोब होता. आमच्या वरच्या मजल्यावर जिल्हा परिषद शाळेतल्या मॅडम ऱ्हायच्या, त्यांचं गाव तीस किलोमीटर, शाळा सकाळची केली तरी घरी यायला दीड वाजायचा. मग माझ्या आठ घागरी भरून झाल्या की त्यांच्या सहा मीच भरायचे, धाकटा कडेवर, मोठा पदर धरून, अन् डोक्यावर लातूरचं एप्रिलचं ऊन.

मॅडम आल्या की म्हणायच्या, "तुमचं बरंय बाई, घरी आहात म्हणून पाणी तरी मिळतंय." मी तोंडावर हसायचे अन् मनात म्हणायचे तुमचं बरंय, महिना झाला की पगार, भाजीवाल्याला द्यायला नवऱ्यापुढं हात पसरायला नको. दोघी एकमेकीवर जळायलो होतो खरं तर. अन् मग एका संध्याकाळी लाईट गेलेली, मॅडम जिन्यात पायरीवर बसल्या होत्या, पाय सुजून टम्म, मांडीवर पेपरचा गठ्ठा, तपासायचा होता अन् दिसत तर नव्हतं. मी खाली धाकट्याला थोपटत उभी. त्या काही न बोलता उठल्या, गठ्ठा बाजूला ठेवला अन् लेकरू माझ्याकडून घेतलं, म्हणल्या जा, आंघोळ करून या. अर्धी बादली पाणी होतं, पण दार लावून, कुणी दार वाजवत नाही, कुणी रडत नाही अशी आंघोळ मी दोन महिन्यात पहिल्यांदा केली. बाहेर आले तेव्हा अंधारात त्या धाकट्याला पाढे म्हणून दाखवायल्या होत्या. एक वर्षाच्या लेकराला! मास्तरीण ती मास्तरीणच.

ही झाली माझी अ गटातली बाजू.

२०१९ मधे नवऱ्याच्या दुकानाचं गिऱ्हाईक घटलं, मोठ्याची फीस वाढली, मी पतसंस्थेत लागले. आता अवघड गोष्ट अशी की धाकट्याची शाळा साडेबाराला सुटायची अन् मी घरी यायचे साडेसहाला. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, गावाकडं, शेत अन् म्हैस सोडून त्या येणार कशा. मधले सहा तास कुणाचे? ते सहा तास शेजारच्या वहिनीचे. तिला कुणी विचारलं नाही, तिनं हो म्हणलं नाही, पहिल्या दिवशी म्हणली "येऊ द्या वो, माझे दोन हायतच, तिसरा काय जड व्हतोय" अन् पाच वर्षं तसंच चाललं. तिनं त्याच्यासाठी वेगळी ताटली ठेवली होती, कड असलेली, कारण तो वरण सांडायचा. त्याला भाकरीचा पापुद्रा लागतो अन् खालची जाड बाजू तो टाकून देतो हे मला तिच्याकडून कळलं. एकदा तापात होता, मी शेजारी झोपलेली, हात कपाळावर, अन् तो झोपेत हाक मारायलाय "मावशी, पाणी." मी दिलं पाणी. काय करता.

तिला मी पाच वर्षात काय दिलं? दर दिवाळीला एक साडी. अन् पगार वाढला तेव्हा एक किलो पेढे.

एका मार्चला तिची आई अंबाजोगाईला दवाखान्यात ॲडमिट होती. ती संध्याकाळी आली, दारातच उभी राहिली, म्हणली दोन दिवस माझ्या पोरांकडं बघता का, मी जाऊन येते. पाच वर्षात तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट. अन् मी काय म्हणाले? "मार्च एंड आहे गं, सुट्टी कुणी देणार नाही." खोटं नव्हतं ते, खरंच मिळाली नसती, आमच्याकडं नऊ जणांचा स्टाफ, एक गेलं की काउंटर बंद. पण मी विचारलं सुद्धा नाही साहेबांना. ती म्हणली, "हाव, बरोबर हाय तुमचं, नोकरी हाय तुमची," अन् ह्या बोलण्यात टोमणा नव्हता हे जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं दोन्ही पोरं घेऊन गेली. मी उठून बघते तर आमच्या दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली, आत माझ्या धाकट्याचा दुपारचा डबा. मेथीचे धपाटे.

सांगा आता कमिटीवाल्यांनो, ही गोष्ट मी अ गटातून सांगू का ब मधून? माझी नोकरी तिच्या घरी राहण्यावर उभी होती. अन् वरच्या मॅडमची नोकरी २०१६ मधे माझ्या घागरीवर. नोकरीवाली बाई कामाला गेली की तिचं काम कमी होत नाही, ते फक्त भिंतीपलीकडच्या बाईकडं जातं, आई असेल, सासू असेल, शेजारीण असेल. अन् तुम्ही त्या दोघींना समोरासमोर माईक देऊन भांडायला लावायलात, मधे पैठणी ठेवून.

सरकारनं २०२४ मधे वेळेचा सर्वे केला, कोण दिवसात काय करतं, मिनिटं मोजून. घरातली कामं करणाऱ्या बाया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात अन् पुरुष ८८. मी हे नवऱ्याला वाचून दाखवलं, तर तो मनापासून चकित होऊन म्हणला, "अठ्ठ्याऐंशी? एवढं कोण करायलंय?" खरी मेख पुढं आहे, ते ८८ सुद्धा जे पुरुष घरात काहीतरी करतात त्यांचीच सरासरी आहे, जे काडी हलवत नाहीत ते त्या हिशोबात धरलेलेच नाहीत. म्हणजे आमचे हे त्यात नाहीतच. त्यांचं आश्चर्य बरोबर होतं. (पत्र वाचून रागावू नका हो. कुकर लावता तुम्ही, मान्य. शिट्ट्या मीच मोजते.)

येळवशीचंच, म्हणजे वेळ अमावस्येचंच बघा. लातूर-धाराशिवकडं येळवशीला कलेक्टरची सुट्टी असते, सगळं शहर ओस पडतं, सगळे शेतात. सुट्टी नोकरीवाल्या बाईला पण असते कागदावर. अन् आदल्या रात्री बारापर्यंत भज्जीच्या भाज्या निवडायच्या, उंडे करायचे, आंबिलीचं बघायचं, पहाटे चारला उठून गाठोडी बांधायची. शेतात गेल्यावर पुरुष मंडळी झाडाखाली आडवी होतात अन् म्हणतात काय निवांत वाटायलंय. त्या दिवशी अ गट अन् ब गट एकाच चुलीपाशी असतो.

कष्ट मोजायचेच असतील तर पैशात मोजायचा प्रयत्न कोर्टानं केलाय. २०१० मधे सुप्रीम कोर्टानं ताशेरे मारले होते की २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायांना भिकारी, कैदी यांच्या रांगेत बसवलंय, काम न करणारे म्हणून. जानेवारी २०२१ मधे पुन्हा कोर्टानं अपघातात गेलेल्या गृहिणीच्या कामाची किंमत नुकसानभरपाईत धरायलाच पाहिजे असं सांगितलं, अन् त्यात २०११ च्या जनगणनेचा आकडा दिला, देशात जवळजवळ १६ कोटी बायांनी घरकाम हेच आपलं मुख्य काम सांगितलं होतं अन् पुरुष साधारण ५८ लाख. वाचून बरं वाटलं, पण मग डोक्यात आलं की हिशोब कधी होतो तर बाई ट्रकखाली गेल्यावर. जिवंतपणी शेजारच्या वहिनीला दोनशे रुपये मागायला तीन दिवस नवऱ्याचा मूड बघावा लागतो. २०२४ मधे लाडकी बहीणचे पहिले तीन हजार खात्यावर आले, रक्षाबंधनाच्या आधी, तेव्हा तिनं पहिल्यांदा कुणाला न विचारता स्वतःला चप्पल घेतली. मला दाखवायला आली होती, पिशवीतून काढून, नवी कोरी, फरशीवर ठेवून. त्या योजनेवर कुणाला काय बोलायचं ते बोला, मी त्या चपलेबद्दल काही वाईट ऐकून घेणार नाही.

अन् नोकरीवाल्या तरी सगळ्या एक आहेत का? वरच्या मॅडमला बाळंतपणाची १८० दिवस रजा, वर राज्य सरकारची १८० दिवस बालसंगोपन रजा, ती मिळवताना हेडमास्तरचं तोंड बघावं लागतं ते वेगळं. मला काय? २०१७ ला कायदा बदलला, २६ आठवड्याची रजा झाली, अन् ५० किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघर पाहिजे, आईला दिवसातून चार वेळा लेकराकडं जाऊ द्यायचं असं लिहिलंय. वाचायला लई गोड वाटतं. आमच्याकडं नऊ माणसं. लातुरात दुकानं, क्लासेस, छोटे दवाखाने, पतसंस्था, कुठं असतात पन्नास? कायदा दिल्लीहून निघाला, आमच्या गल्लीत यायच्या आधीच त्याच्या गाडीतलं पेट्रोल संपलं.

मला कुणी सरळ विचारलं की कोणतं जास्त अवघड, तर मी उत्तर टाळणार नाही. लेकरं तीन वर्षाच्या आत असतील तर घरी राहणं जास्त अवघड, नोकरीवर निदान संडासला एकटं जाता येतं. शाळेत जायला लागली की नोकरी जास्त अवघड, कारण शाळेचं टायमिंग असं ठरवलंय की जणू प्रत्येक घरात एक बाई साडेबाराला दारात उभीच आहे. हे माझं मत, कुणाला पटत नसेल तर पटू देऊ नका.

पण तुमच्या दोन गटात न बसणाऱ्या कितीतरी जणी ह्याच कॉलनीत आहेत, त्यांचं काय. कोपऱ्यावरच्या घरात मागच्या खोलीत एक ताई ऱ्हायल्यात, परभणीकडच्या गावच्या, पोरगी नीटची तयारी करायली म्हणून दोन वर्षांसाठी रूम करून आल्यात. अशा आया लातुरात गल्लोगल्ली आहेत, डॉक्टर होणाऱ्या पोरांचे फोटो बॅनरवर लागतात, ह्यांचा कुठंच लागत नाही. पहाटे पाचला उठून पोरीचा डबा, मग ती क्लासला गेली की दिवसभर एका दहा बाय दहाच्या खोलीत काय करायचं? फोनवर गाव चालवतात. मी एकदा ऐकलं, "म्हशीला पेंड भिजू घातली का? आन् धाकट्याला शाळंत धाडलं का नुसतंच झोपवलंय?" नवरा अन् धाकटा लेक तिकडं, ह्या इकडं. ही घरी राहणारी आई म्हणायची तर घर शंभरावर किलोमीटर लांब, नोकरी म्हणायची तर पगार नाही. पोस्टर वाचून मला विचारायल्या, "आमाला बी यायचं अस्तंय का त्याला?" काय सांगू?

अन् तुमच्या हॉलची फरशी पुसायला ज्या मावशी येतात त्या. पाच घरची धुणीभांडी, लेकरू सोबत, ते पायऱ्यांवर बसून बिस्किटाचा पुडा संपेपर्यंत गप्प असतं. मी त्यांना गंमत म्हणून विषय सांगितला तर म्हणल्या, "मग मला कुण्या बाजूला बसवतेत? का दोन्हीकडच्या कपबशा उचलायच्या हायत?"

आता मुद्द्याचं, कारण नुसतं बोलून तुमचा वेळ घेतला असं नको.

आपल्या कॉलनीत समाजमंदिर आहे. त्याला कुलूप आहे. वर्षातून गणपती, दुर्गा, हळदीकुंकू, चार वाढदिवस अन् आता हा वादविवाद. बाकी दिवस आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मागच्या वर्षीचा थर्माकोलचा महाल अन् पाली. दोन पंखे आहेत, नळ आहे, संडास आहे, वर गच्चीवर टाकी. मला दुसरी मागणीच नाही. शाळेच्या दिवसात दुपारी बारा ते संध्याकाळी साडेसहा ते उघडं ठेवा.

मी मागच्या रविवारी घरोघर फिरले. दहा वर्षाच्या आतली २२ लेकरं अशी सापडली ज्यांच्या दुपारची कुठं ना कुठं तडजोड चाललीय, कुणाचं लेकरू दुकानात गल्ल्यामागं झोपतं, एकाला आठ वर्षाचा असून घरात कोंडून जातात अन् खिडकीतून किल्ली देतात. दर लेकराला महिना ८०० धरले तर १७,६०० होतात. दोन बायांना सात-सात हजार द्यायचे, १४,०००. राहिले ३,६००, त्यात लाईट बिल, सतरंज्या, केळी-शेंगदाणे. मावशीचं लेकरू फुकट, ते आपण बावीस घरं मिळून ओढू. कमिटीच्या फंडातून एक रुपया नको. दोन बायांपैकी एक शेजारची वहिनी असावी असं माझं म्हणणं आहे, अन् तिला पगार म्हणून द्यायचं, मदत म्हणून नाही, दर महिन्याला ठरल्या तारखेला, सही घेऊन. मी तिला विचारलंय. आधी म्हणली, "लेकरं सांभाळायचे कुणी पैशे घेतंय का?" अन् मग जरा वेळानं, भांडी घासता घासता, "खरंच सात हजार?"

घरी राहणाऱ्या आयांनी पण आपली लेकरं दोन तास आणून सोडावीत, काम असो नसो. झोपा, बाजारला जा, नुसतं बसा. कुणी कारण विचारायचं नाही, रजिस्टरमधे कारणाचा कॉलमच ठेवायचा नाही. अन् फॉर्मवर आईच्या नावाच्या वर बापाचं नाव अन् बापाचा मोबाईल नंबर, लेकराला ताप आला तर पहिला फोन तिकडं लागेल. ह्याच्यावर ग्रुपवर लई चर्चा होणार मला माहितंय, होऊ द्या.

अंगणवाडीतच पाळणाघर चालवायची केंद्राची 'पालना' योजना आहे, मिशन शक्तीमधली, तिच्यासाठी आपल्या भागातल्या अंगणवाडीच्या ताईशी मी बोलणार आहे. पण त्या बिचारीला आधीच पोषण आहार, वजनं, सर्वे, मोबाईलवर माहिती भरणं, अन् हातात पगार नाही, मानधन. डिसेंबर २०२३ मधे त्या सगळ्या संपावर गेल्या होत्या तेव्हा आपल्यातल्या कितीजणींनी त्यांना विचारलं? मी तर नाही विचारलं. म्हणून ते होईल तेव्हा होईल, कुलूप मात्र आपल्याच हातातलं आहे.

वादविवाद घ्या तुम्ही, पोस्टर छापून झालंय, पैठण्या आल्या असतील. फक्त माझं नाव दोन्ही गटातून काढा. मी त्या दिवशी तीनला काउंटरवर आहे, अन् शेजारची वहिनी पण यायची नाही, तिच्याकडं तेव्हा माझा, तिचे दोन अन् कमिटीतल्या ज्या वहिनींनी मला फोन केला त्यांची धाकटी अशी चार लेकरं असणारेत. वहिनी, तुम्ही स्टेजवर असाल ना.

किल्ली म्हणे अध्यक्ष काकांकडं आहे, काका म्हणतात सचिवांकडं दिली. नेमकी कुणाकडं आहे तेवढं ग्रुपवर टाका. फोन केलात तर सातनंतर करा, त्याच्या आधी मला उचलता येत नाही.

तुमचीच,
बी विंगमधली, पहिल्या मजल्यावरची